ती ओळ काहीच करत नाही

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, देवासमोर हात जोडून उभा असतो तेव्हाही नाही — तेव्हा तर मी मुद्दाम गुडघेदुखीबद्दल बोलतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची माझी ओळख नाही. आणि आधीच बजावून ठेवतो, ऐकून झाल्यावर मला समजून घ्यायला जाऊ नका. समजून घेणाऱ्या माणसांचा मला फार कंटाळा आहे. आमच्या इथल्या मराठी मंडळात तशी माणसं पैशाला पासरी मिळतात.

मी मोहन. मूळचा मिरजेचा, गेली तीसेक वर्षं न्यू जर्सीत, पार्सिपनीला. साठी उलटली तरी अजून नोकरी करतो, कारण घरी बसून करणार काय? मंडळात मला मान आहे. गणपतीत आरतीचं तबक सगळ्यांत आधी माझ्या हातात येतं. निवृत्त डॉक्टर मंडळी दर पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, आपल्या पहिल्या हिवाळ्याची तीच गोष्ट मला सांगतात आणि मी प्रत्येक वेळी नवीन ऐकल्यासारखा हसतो. इंडियातून नुकती आलेली मुलं "काका, जरा रेझ्युमे बघता का?" म्हणत घरी येतात, माझी बायको सुनीता त्यांना जेवायला घालते, आणि जाताना ती माझ्या पाया पडतात. मी पडू देतो.

विषयावर येतो. येतोच आहे — पण त्याआधी तुम्हाला एक बटण समजून घ्यावं लागेल. कंटाळा आला तर उठून जा, मी अडवणार नाही.

आमची कंपनी औषधांच्या दुकानांत लागणारी, गोळ्या मोजायची यंत्रं बनवते. वरून बाटलीतल्या गोळ्या ओतायच्या, खाली ट्रेमध्ये त्या मोजून पडतात, पडद्यावर आकडा येतो. त्या यंत्राच्या आत चालणारा प्रोग्राम आम्ही लिहितो. आम्ही लिहितो ते माणसाला वाचता येतं, यंत्राला नाही. यंत्राला कळेल असं त्याचं रूप करायचं, त्याला कंपाइल करणं म्हणतात. ज्या एडिटरमध्ये बसून आम्ही लिहितो, त्यातच त्यासाठी एक बटण असतं. जगभर लोक ते बटण दाबतात आणि कॉफी प्यायला जातात. आमच्याकडे ते दाबलं की एडिटर चक्क नकार द्यायचा.

का? माझ्यामुळे. फार पूर्वी मीच नियम केला होता की प्रत्येक फोल्डरचं नाव वाचून त्यात काय आहे ते पूर्ण कळलं पाहिजे. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत फोल्डर, आणि एकेकाचं नाव लग्नपत्रिकेतल्या यजमानांच्या नावासारखं लांबलचक. ही सगळी नावं एकापुढे एक जोडली की फाइलचा जो पत्ता तयार व्हायचा, तो त्या एडिटरच्या पचनी पडायचा नाही. अमुक लांबीच्या पुढचा पत्ता मी वाचणार नाही — अशी त्याची मर्यादा होती. आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? नावं लहान केली असती. पण नियम माझा होता. मी माझा नियम का मोडू?

मी जुगाड केला. एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. बटण दाबलं की ती सगळ्या फाइलींच्या नकला एका लहान नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवायची, तिथे कंपाइल करायची आणि तयार झालेला प्रोग्राम परत आणायची. एडिटरला वाटायचं सगळं त्यानेच केलं. ही स्क्रिप्ट फक्त माझ्या मशीनवर, म्हणजे माझ्या कॉम्प्युटरवर होती. बाकीच्यांना आपापला तुकडा तपासता यायचा, पण अख्खा प्रोग्राम, ग्राहकाकडे जाणारा, ज्याला आम्ही रिलीज म्हणतो, तो माझ्याच टेबलावरून निघायचा. ग्लेन, आमचा मॅनेजर, मी सुट्टी मागितली की आधी रिलीजची तारीख बघायचा. मला ते आवडायचं. स्क्रिप्ट दुसऱ्या कोणाला दिली असती तर कोणी मला विचारलं असतं का? नसतं. म्हणून दिली नाही.

आता अश्विनी.

आठ-नऊ वर्षांपूर्वी ती आमच्या टीममध्ये आली. नागपूरची, तिशीतली, नवरा आणि लहान मुलगी बरोबर. व्हिसा तिच्या नोकरीवर होता. नवऱ्याला इथे काम करायची परवानगी नव्हती. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. कारण विचाराल तर सांगण्यासारखं एकही नाही. मोठ्याने हसायची. अमेरिकन लोकांसमोर डबा उघडून वांग्याची भाजी खायची आणि त्यांनाही वाढायची — आणि ती माणसं खायची! मी इतकी वर्षं ऑफिसात सँडविच नेत होतो. मला ती "मोहनजी" म्हणायची. घरी सगळ्या मराठी मुली मला काका म्हणतात. हिच्या "जी"मध्ये मान होता की चेष्टा, ते मला कधी ठरवता आलं नाही. मी चेष्टा धरून चाललो.

आणि हुशार होती. हे सांगताना आजही दात आवळले जातात, पण होती.

येऊन काही महिने झाल्यावर एका मीटिंगमध्ये तिने आपला लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला, एडिटर उघडला आणि ते बटण दाबलं. अख्खा प्रोग्राम कंपाइल झाला. तिने काय केलं होतं? आपल्याकडच्या कॉपीत फोल्डरची नावं लहान केली होती. बस. ग्लेनला म्हणाली, हे सगळ्यांसाठी करून टाकू, एका दुपारचं काम आहे, म्हणजे रिलीज एका माणसाच्या मशीनवर अडकून राहणार नाही. ती माझ्याकडे बघून म्हणालीही नाही. सरळ, सहज म्हणाली. ग्लेनने मान डोलावली — हा रिलीज नेहमीसारखा मोहनकडून जाऊ दे, पुढच्यापासून तुझ्या पद्धतीने करू.

एका दुपारचं काम! माझ्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या, त्या घरी जाऊन सुनीताच्या स्वयंपाकावर निघाल्या. आमटी खारट आहे म्हणून मी ताट सरकवलं. आमटी खारट नव्हती.

त्याच दिवसांत यंत्रात एक दोष सापडला होता. मोजणी चालू असताना दुकानदाराने ट्रे काढून परत ठेवला, की आधी पडलेल्या गोळ्या पुन्हा मोजल्या जायच्या. आकडा बरोबर दिसायचा, रुग्णाच्या बाटलीत गोळ्या मात्र कमी जायच्या. ते दुरुस्त करायचं काम अश्विनीकडे होतं. मी काय करावं? मी तिच्या कोडमध्ये चुका शोधायला बसलो. मला कोणी सांगितलं नव्हतं. तिने एक तरी चूक केलेली असेल, ती मी चारचौघांत दाखवीन, एवढंच डोक्यात होतं.

माझी एक जुनी खोड आहे. दुसऱ्याचा कोड मी एडिटरमध्ये वाचत नाही. ऑफिसात पत्रं आणि रिपोर्ट लिहायला जो प्रोग्राम असतो, त्यात उघडतो आणि मास्तरासारख्या लाल खुणा करतो. तरुण पोरं त्याला हसतात, हसोत. त्या प्रोग्रामलाही लांब पत्ते चालत नसत, म्हणून तिची अर्धवट झालेली फाइल मी माझ्या त्या लहान फोल्डरमधून उघडली. दोन-तीन ठिकाणी लाल रेघा ओढल्या — कंस इथे का, हे नाव असं का, असल्या. खरी चूक एकही मिळाली नाही. चिडून मी खिडकी खाली ढकलली आणि दुसऱ्या कामाला लागलो. फाइल बंद केली नाही.

तुम्हाला कळलं का? कदाचित नाही कळलं. तो पत्रांचा प्रोग्राम एखादी फाइल उघडून बसला, की दुसऱ्या कोणाला तिच्यावर लिहू देत नाही. दुसऱ्या दिवशी अश्विनीने आपली दुरुस्ती, म्हणजे फिक्स, पूर्ण केला, तिच्या मशीनवर कंपाइल केला, टेस्टिंगवाल्यांनी ट्रे शंभर वेळा काढून ठेवून पाहिला, सगळं चोख निघालं. मग मी माझ्या मशीनवर तिचा नवा कोड घेतला, बटण दाबलं. माझ्या स्क्रिप्टने सगळ्या फाइली लहान फोल्डरमध्ये नेल्या — एक सोडून. ती एक उघडी होती, म्हणून नेता आली नाही. नेता आली नाही तर ओरड, असं मी स्क्रिप्टला शिकवलंच नव्हतं. स्क्रिप्टने मुकाट्याने तिथे आधीपासून पडलेली जुनी फाइल घेतली आणि रिलीज तयार केला. त्यावर नवा नंबर होता, आत जुना दोष होता. शेवटचा रिलीज पुन्हा पूर्ण तपासायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मोहनने केलाय ना, मग झालं.

चार-पाच दिवसांत तक्रार आली. एका दुकानातून एका म्हाताऱ्या बाईला रक्तदाबाच्या गोळ्या कमी गेल्या होत्या. तिच्या मुलीने घरी मोजल्या म्हणून कळलं. कोणी मेलं नाही. हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की आता त्याला काही अर्थ उरलेला नाही.

सकाळी तक्रार आली, दुपारी ग्लेनने सगळ्यांना बोलावलं. मधल्या वेळात मी माझ्या खुर्चीत बसून दोन्ही फोल्डर शेजारी-शेजारी उघडले. सगळ्या फाइली सारख्या, अश्विनीची जुनी. आणि पडद्याच्या तळाशी ती खिडकी अजून होती. मी मशीन कधी बंद करत नाही. खिडकी वर आणली — लाल रेघा तशाच. काय घडलंय ते तेव्हाच कळलं. पण त्याच्या मागोमाग जे आलं ते मी आधी कोणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, अजून कोणाला माहीत नाही.

मी खिडकी बंद केली. प्रोग्रामने विचारलं, केलेल्या खुणा सेव्ह करायच्या का? मी 'नाही' दाबलं.

त्या क्षणी उठून ग्लेनच्या केबिनमध्ये गेलो असतो तर काय झालं असतं? मी इथला नागरिक. घराचं कर्ज फिटत आलेलं. मुलगा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. फार तर ग्लेन दोन दिवस तोंड पाडून बसला असता आणि नावं लहान करायचं काम लगेच सुरू झालं असतं. माझं काहीही गेलं नसतं. हे भीतीने केलं असं मी म्हणत नाही, कारण भ्यायला माझ्याकडे कारणच नव्हतं. तिला खाली बघायला लावायचं होतं, म्हणून केलं.

मीटिंगमध्ये अश्विनी म्हणाली, फिक्स रिलीजमध्ये असेल तर असं होणारच नाही. ग्लेनने मला विचारलं, तिचा कोड गेला होता ना? मी म्हणालो, सगळं गेलं होतं. शांतपणे म्हणालो. तिच्या फिक्समध्येच काहीतरी राहिलं असावं, मी बघतो.

आणि बघितलं. जागेवर येऊन आधी स्क्रिप्ट दुरुस्त केली — फाइल नेता आली नाही तर थांब आणि सांग. एवढंच लिहायचं होतं, इतकी वर्षं लिहिलं नव्हतं. मग अश्विनीचा फिक्स उघडला. त्यात मी माझी एक ओळ घातली. यंत्राला क्षणभर थांबायला सांगणारी, 'जरा थांब' अशा अर्थाची ओळ. तिची तिथे काहीही गरज नव्हती. मग बटण दाबलं. आता तिची फाइल गेली, तिचा फिक्स गेला, आणि त्याच्यावर बसून माझी ओळ गेली.

सगळ्यांसमोर यंत्र लावलं. ग्लेनने स्वतः ट्रे काढला, ठेवला, काढला, ठेवला. आकडा बरोबर, गोळ्या बरोबर. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. अश्विनी मात्र पडद्यावर माझी ओळ वाचत होती. मग वळून मला मराठीत म्हणाली, "मोहनजी, ही ओळ तर काहीच नाही करत."

मी मराठीत उत्तर देऊ शकलो असतो. ते आम्हा दोघांत राहिलं असतं. मी इंग्रजीत बोललो, खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू जाईल असं. "देन व्हाय इज इट वर्किंग नाऊ?"

याला उत्तर होतं, पण तिच्याकडे नाही. तिच्याकडे कसं असणार? ते माझ्याकडे होतं. ग्लेन हसला, दोघं-तिघं हसले. अश्विनी पुन्हा पडद्याकडे वळली. कान लाल झाले होते. मला बरं वाटलं. तुम्हाला हे ऐकून किळस आली असेल तर ठीकच आहे, पण मला त्या वेळी खरंच बरं वाटलं.

ग्लेनने त्यातून आपला निष्कर्ष काढला. अश्विनीच्या मशीनवर पास झालं आणि खऱ्या यंत्रात बिघडलं, म्हणजे तिची ती लहान नावांची पद्धत भरवशाची नाही. नावं लहान करायचा बेत रद्द झाला. रिलीज माझ्याच टेबलावर राहिला.

इथे थांबलो असतो तरी पुरे होतं, नाही?

रविवारी आमच्या तळघरात सुनीता मंडळाच्या मुलांना मराठी शिकवते. अश्विनीची मुलगी ईशा त्यात होती. पुढच्या रविवारी अश्विनी तिला सोडायला आली आणि गेली नाही. वर येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. तोंड उतरलेलं. म्हणाली, "काका, मला नीट समजावून सांगा ना. चार दिवस झाले, मी तेच वाचून राहिली. ती ओळ का चालते, मला नाही समजत. माझंच डोकं कामातून गेलं असं वाटते."

काका म्हणाली. पहिल्यांदा. मी त्याचीच तर वाट बघत होतो इतके महिने, आणि ते असं मिळालं. समोर चिवड्याची बशी होती. मी ती उचलली आणि तिला ट्रे म्हणून दाखवलं. ट्रे परत ठेवला की तो थरथरतो, मी म्हणालो. आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण थरथरतो. सेन्सरला वाटतं ट्रे पुन्हा उचलला. म्हणून क्षणभर थांबायचं, थरथर जाऊ द्यायची, मग मोजायचं. हे पुस्तकात नसतं, अनुभवाने कळतं. बशी टेबलावर ठेवून मी हलकेच हलवूनही दाखवली. चिवड्यातले दोन शेंगदाणे बाहेर पडले.

ती लक्ष देऊन ऐकत होती. वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी. तिच्या फिक्समध्ये ट्रे स्थिर झाल्याची खात्री आधीच केलेली होती, हे तिलाही माहीत होतं, मलाही. पण मी इतक्या खात्रीने बोललो की तिने स्वतःच्या कोडपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. म्हणाली, "हो का. हे माझ्या लक्षातच नाही आलं." सुनीताने तिला चहा दिला. आमच्या यांना खूप येतं, पण सांगत नाहीत कोणाला, असं सुनीता कौतुकाने म्हणाली.

काही महिन्यांनी कंपनीने माणसं कमी केली. ग्लेनने कोणाकोणाला काढायचं ते ठरवताना मला विचारलं नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. विचारायची गरजच नव्हती. अश्विनी म्हणजे जिचा फिक्स फसला ती, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात उरलं होतं. नोकरी गेली की व्हिसावरच्या माणसाला थोडेच आठवडे मिळतात, तेवढ्यात दुसरी नोकरी नाही मिळाली की सामान बांधायचं. ती जीव तोडून शोधत होती. ईशा तिसरीत होती, शाळेच्या नाटकात तिला झाडाचं काम मिळालं होतं आणि ते तरी होऊ दे असं अश्विनी सुनीताला म्हणायची.

एका ठिकाणी सगळं जमत आलं. त्यांनी तिच्या कामाबद्दल विचारायला कोणाचा तरी फोन नंबर मागितला. तिने माझा दिला. मला विचारून दिला, "काका, चालेल ना?" मी म्हटलं, अगं विचारतेस काय.

फोन आला. पलीकडची बाई चांगली होती, तिला नुसतं हो ऐकायचं होतं. मी काय बोललो ते जसंच्या तसं सांगतो. शी इज ब्राइट, मी म्हणालो. व्हेरी ब्राइट. मग जरा थांबलो. मग म्हणालो, फक्त तिचं काम कोणीतरी एकदा पुन्हा तपासून घ्यावं लागतं.

का बोललो? तिचं नुसतं कौतुक केलं असतं तर काय बिघडलं असतं? ती दुसऱ्या कंपनीत गेली असती, माझ्या डोळ्यांसमोरून गेली असती, सगळं मिटलं असतं. पण तोपर्यंत मला ते खरं वाटायला लागलं होतं. किंवा खरं वाटायला हवं होतं. कुठलं ते आता आठवत नाही, आणि त्याने फरकही पडत नाही. तिला ती नोकरी मिळाली नाही.

ईशाचं नाटक झालं नाही. त्याच्या आधीच ती लोकं निघाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी सुनीताने त्यांना जेवायला बोलावलं, पुरणपोळ्या केल्या, डबा भरून दिला. बाथरूममधला वजनकाटा हॉलमध्ये आणून त्यांच्या बॅगा मी तोलल्या. एक जड भरत होती, त्यातून अश्विनीने पुस्तकं काढून मला दिली. दुसऱ्या दिवशी नेवार्कला विमानतळावर मीच सोडलं. वाटेत नवरा खिडकीतून बाहेर बघत होता, ईशा झोपली होती. उतरल्यावर अश्विनी वाकून माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "तुम्ही नसते तर आमचं इथे काय झालं असतं?" मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सुखी राहा म्हणालो.

बस्स, एवढंच सांगायचं होतं, असं म्हणून मी उठलो असतो. काल-परवापर्यंत गोष्ट एवढीच होती.

गेल्या फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, आमच्याकडे तन्मय नावाचा मुलगा लागला. नागपूरचा, इथे मास्टर्स करून आलेला. नम्र आहे, सर म्हणतो. मागच्या आठवड्यात त्याने नव्या यंत्रासाठी लिहिलेला कोड माझ्याकडे तपासायला आला. मी नेहमीप्रमाणे लाल खुणा करायला बसलो. मधेच ती दिसली. ट्रे स्थिर झाल्याची खात्री करून झाल्यावर, मोजणी सुरू व्हायच्या आधी — जरा थांब.

मी त्याला बोलावलं. ही ओळ कशाला?

तो ओशाळून हसला. "सर, अ‍ॅक्च्युअली मला पण नाही माहीत. इट्स फ्रॉम माय कॉलेज. आमच्या मॅडम शिकवायच्या. त्या इथेच होत्या आधी, यूएसमध्ये. देअर वॉज अ बग, कोणालाच नाही समजला, आणि एका सीनियरने ही ओळ टाकली तर चाललं. मॅडम म्हणायच्या, मला आजही पूर्ण नाही समजलं ती का चालते, पण तुम्ही टाकत जा."

मी मॅडमचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. मला आधीच कळलं होतं, तरी विचारलं.

त्या सीनियरचं नाव सांगतात का कधी?

"नाही सर. आमचे एक काका होते, एवढंच म्हणतात." मग तो उत्साहात आला. म्हणाला, मॅडम खूप ब्रिलियंट आहेत, पण त्यांना स्वतःवर कॉन्फिडन्सच नाही. स्वतःचा कोड कधीच नुसता दाखवत नाहीत, आधी दुसऱ्या कोणाकडून तरी चेक करून घेतात. आम्हाला पण सांगायच्या, आपल्याला वाटलं म्हणजे बरोबर असतंच असं नाही.

मीटिंगमध्ये लॅपटॉप जोडून, कोणालाही न विचारता बटण दाबणारी बाई होती ती.

तन्मय समोर उभा होता, हातात लॅपटॉप, माझ्या उत्तराची वाट बघत. तिचा नंबर त्याच्या फोनमध्ये होता. एक वाक्य पुरलं असतं. काढ ती ओळ, तुझ्या मॅडम पहिल्यापासून बरोबर होत्या, आणि त्यांना सांग मोहनकाकांनी सांगितलं म्हणून. आता तर ग्लेनही नाही, निवृत्त होऊन गेला. मला काढून टाकायला कोणी येणार नव्हतं. इथे मला कोणाची भीती होती, सांगा बरं?

"सर, काढून टाकू का?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, राहू दे. ट्रे थरथरतो.

तो म्हणाला, "ओह, ओके, दॅट मेक्स सेन्स," आणि खूश होऊन जागेवर गेला. मी त्याचा कोड पास केला. संध्याकाळी बटण दाबलं, स्क्रिप्टने सगळ्या फाइली नेल्या, एकही मागे राहिली नाही.